टेस्ट ड्राइव्ह मेळ्यात एका दिवसात चार-पाच गाड्या चालवून बघायच्या असतील तर हे आधी वाचून जा

आमची आधीची गाडी आम्ही दोन किलोमीटर चालवून घेतली होती. रविवारची सकाळ, सपाट रस्ता, गाडीत मी, नवरा आणि मागे शोरूमचा मुलगा, एवढेच. गाडी छान वाटली, पाडव्याला घरी आली, आणि पहिल्यांदा सगळे बसून ताम्हिणीतून कोकणात निघालो तेव्हा कळलं की पाच माणसं, सामान आणि एसी असलं की चढाला ती दुसऱ्या गिअरवरही दमते, मागे सासूबाईंचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, आणि मला स्टिअरिंगमागून बॉनेटचा कोपरा दिसतच नाही. तीच गाडी आठ वर्षं वापरली. म्हणून या वेळी ठरवलं की नीट बघूनच घ्यायची, आणि गेल्या वर्षभरात तीन ठिकाणी जाऊन आले, एक आमच्या सोसायटीतला कॅम्प, एक मॉलच्या पार्किंगमधला आणि एक पिंपरी-चिंचवडच्या बाजूला मोठ्या मैदानावरचा, जिथे पाच-सहा कंपन्यांच्या डीलरनी गाड्या आणल्या होत्या. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, कारण ओळखीतले बरेच जण मेळ्यात जाऊन नुसत्या डोळ्याला आवडलेल्या गाडीचं टोकन देऊन येतात आणि मग सहा-सात वर्षं ईएमआय भरतात.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: प्रत्येक गाडीला तीच परीक्षा द्या. तोच रस्ता, तीच माणसं, तोच क्रम. पहिल्या गाडीत तुम्ही खड्ड्यातून गेलात आणि दुसरीत हायवेवर, तर तुलना कशाची करणार? तिसऱ्या गाडीपर्यंत डोक्यात सगळी खिचडी होते आणि लक्षात राहतं ते फक्त सनरूफ आणि मोठा स्क्रीन.

मेळा कुठल्या प्रकारचा आहे ते आधी विचारा

मॉलमध्ये बहुतेक वेळा गाडी नुसती ठेवलेली असते, बसून बघा आणि नंबर द्या, चालवायला मिळालीच तर पार्किंगच्या बाहेर एक चक्कर. सोसायटीत एक किंवा दोन कंपन्यांच्या गाड्या येतात, पण तिथे एक मोठा फायदा आहे, रस्ता तुमच्या ओळखीचा असतो. मैदानावरच्या मोठ्या मेळ्यात गाड्या भरपूर पण गर्दीही तेवढीच, आणि फेरी साधारण दोन ते पाच किलोमीटरची. चौथा प्रकार म्हणजे एसयूव्हीवाले मैदानात मातीचे उंचवटे, तिरके चढ, एक चाक हवेत जाईल असे खड्डे तयार करतात तो. तिथे अनुभव जबरदस्त असतो, मुलं तर वेडी होतात, पण बऱ्याचदा गाडी त्यांचा ड्रायव्हर चालवतो आणि तुम्ही शेजारी बसता. फोर बाय फोर खरंच घेणार असाल तर जरूर जा. रोज कोथरूड ते हिंजवडी करायचं असेल तर त्या उंचवट्यांवरून तुमच्या उपयोगाचं फारसं काही कळत नाही.

जायच्या चार-पाच दिवस आधी

यादी करा आणि चार गाड्यांवर थांबा, फार तर पाच. मी पहिल्या मेळ्यात सात चालवल्या आणि शेवटच्या तीन गाड्यांचं मला घरी आल्यावर काहीच आठवत नव्हतं.

यादीत नुसतं गाडीचं नाव लिहू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सपण लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. उदाहरणार्थ टाटाची नेक्सॉन पेट्रोल, त्यात मॅन्युअल आहे, एएमटी आहे आणि ड्युअल क्लचही आहे (हे दोन्ही ऑटोमॅटिकचे प्रकार, फरक पुढे सांगते), तिन्ही चालवताना तीन वेगळ्या गाड्या वाटतात. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये १.२ लिटर इंजिनला एएमटी मिळतो आणि १.० लिटर टर्बोला (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून जोर वाढवणारा पंखा) सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकचाच आणखी एक प्रकार. महिंद्राच्या एक्सयूव्ही थ्री एक्स ओ पेट्रोलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर पण डिझेलला एएमटी. आता तुम्ही मेळ्यात ड्युअल क्लचवाली चालवली, खूश झालात, आणि बजेटमुळे एएमटी बुक केली, तर तुम्ही न चालवलेली गाडी घेतली, सरळ हिशेब आहे.

म्हणून डीलरला आधी फोन करून विचारा की मेळ्यात डेमो गाडी नक्की कुठलं व्हेरियंट आणणार. बहुतेक वेळा टॉप मॉडेल येतं. टॉप मॉडेलची चाकं मोठी, टायरची जाडी कमी, त्यामुळे खड्ड्यात ती जास्त आपटते, म्हणजे तुम्ही मधलं मॉडेल घेणार असाल तर राइड वेगळी असणार, कधी कधी चांगलीच असणार. उलट सनरूफवाल्या गाडीत छत थोडं खाली येतं, घरात कोणी उंच असेल तर फरक पडतो. तुम्हाला हवं ते व्हेरियंट येणारच नसेल तर त्या गाडीसाठी मेळ्यात वेळ घालवू नका, शोरूमला वेगळं जा.

दिवस कुठला निवडायचा? पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी यांच्या आधीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, झुंबड असते आणि शोरूमची मुलं बिचारी पाच मिनिटांत गाडी परत मागतात. पितृपक्षात लोक गाडी घ्यायचं टाळतात त्यामुळे तेव्हा शांतपणे चालवायला मिळते, बघायला काही अडचण नाही ना, घ्या नंतर मुहूर्तावर. सकाळचा पहिला स्लॉट मागा. फक्त एसीची परीक्षा सकाळी होत नाही, त्यासाठी मी आवडलेली गाडी दुपारी परत एकदा नुसती बसून बघते, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत एसी लावून मागच्या सीटवर गार व्हायला किती मिनिटं लागतात ते.

सोबत काय न्यायचं ते सांगते:

- लायसन्स, मूळ कार्ड किंवा डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमधलं. नुसता फोटो दाखवून भागत नाही. लर्निंग लायसन्सवर डेमो गाडी देत नाहीत, हट्ट करू नका.
- रोज ज्या चपला-बुटांत गाडी चालवता तेच. मी सँडलवर चालवते, म्हणून सँडल घालूनच गेले आणि एका गाडीत क्लच दाबताना टाच अडकते हे तिथेच कळलं.
- तुमचा फोन आणि केबल.
- बाळाची कार सीट असेल तर ती. हो, उचलून न्या.
- गावाला जाताना नेतो ती सगळ्यात मोठी बॅग. डिकी किती लिटरची ते कागदावर वाचून काही समजत नाही, कायलॅकची ४४६, नेक्सॉनची ३८२, ब्रेझाची ३२८ लिटर, ठीक आहे, पण तोंड अरुंद असेल तर बॅग आडवी जात नाही ती नाहीच जात.
- मापाची टेप, आणि घरून निघायच्या आधी आपल्या पार्किंगची रुंदी मोजून फोनमध्ये लिहून ठेवा.

आणि माणसं. गाडीत रोज बसणारी सगळी माणसं. सासूबाई म्हणत होत्या मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही या बघून. मी म्हटलं आई, मागे तुम्हीच बसणार आहात, तुम्हीच सांगा. त्यांनी तीन गाड्या दोन मिनिटांत बाद केल्या, कारण एकीत चढताना पाय फार उचलावा लागत होता, दुसरीत दार पुरेसं उघडत नव्हतं आणि तिसरीत खिडकी इतकी वर होती की बाहेरचं दिसतच नव्हतं. यातलं एकही मला दिसलं नसतं.

मैदानावर पोचताना तुमची स्वतःची गाडी चालवत या

ही युक्ती कोणी सांगत नाही. मेळ्याच्या जवळ आलात की शेवटचे तीन किलोमीटर लक्ष देऊन चालवा. इंजिनचा आवाज किती, स्पीडब्रेकरवर कशी जाते, क्लच किती जड. हेच तुमचं माप. नवीन गाडी चकचकीत असल्यामुळे सगळंच चांगलं वाटतं, पण आपल्या गाडीपेक्षा नेमकं काय चांगलं हे सांगता आलं पाहिजे. आणि येता येता तोच रस्ता बघून ठेवा, एखादा चढ, एखादा खराब तुकडा, यू-टर्नला जागा. हाच तुमचा ठरलेला मार्ग, प्रत्येक गाडी यावरूनच न्यायची.

गेल्यावर फॉर्म भरायला लावतात. नाव, नंबर द्यावा लागतो, त्याला इलाज नाही, पण बजेट, पगार, लोन लागणार का, सध्याची गाडी विकणार का, हे पहिल्याच मिनिटाला सांगायची गरज नाही, चालवून बघतोय एवढं पुरे. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की फॉर्मवर माझं नाव लिहायचं, कारण दरवेळी चावी त्याच्या हातात जाते आणि मला विचारतात मॅडम कलर कुठला आवडतो. गाडी रोज मी चालवते. एका ठिकाणी तर मी ड्रायव्हर सीटवर बसले तरी तो मुलगा सगळी माहिती शेजारी बसलेल्या नवऱ्याला सांगत होता, शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं दादा, प्रश्न मी विचारतेय, उत्तर मला द्या. बायकांनो, हे शांतपणे पण स्पष्ट सांगाच.

क्रम असा लावा: ज्या गाडीबद्दल सगळ्यात कमी उत्सुकता आहे ती पहिली, मनातली गाडी दुसरी किंवा तिसरी. शेवटी ठेवलीत तर तुम्ही दमलेले असता आणि कंटाळ्यात तिला अन्याय होतो.

चावी मिळाल्यावर लगेच निघू नका, पाच मिनिटं उभ्या गाडीत

आधी एक कंटाळवाणं पण गरजेचं काम, सही करायच्या आधी तो कागद वाचा. गाडीला काही झालं तर खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. विमा, पीयूसी चालू आहे ना ते विचारा. गाडीभोवती एक चक्कर मारा, आधीचे ओरखडे असतील तर शोरूमच्या मुलाला दाखवून फोटो काढा. सिग्नल तोडला किंवा वेग जास्त झाला तर चलनाची भानगड होते, शिवाय रस्त्यावर तुमच्यासारखीच दुसरी माणसं आहेत, त्यामुळे मेळा आहे म्हणून नियम सैल होत नाहीत.

किलोमीटर किती झालेत ते बघा. दहा-बारा हजार चाललेली डेमो गाडी दिसली तर मला आनंद होतो, कारण इतक्या लोकांनी हाणल्यावरही डॅशबोर्ड खडखडत नसेल, दारं घट्ट बंद होत असतील तर ती खरी परीक्षा झाली. टायरमधली हवापण विचारा, काही गाड्यांत स्क्रीनवर दिसते. हवा जास्त असेल तर गाडी दगडासारखी आपटते आणि आपण सस्पेन्शनला दोष देतो.

मग सीट. पाठ आणि कंबर पूर्ण मागे टेकवून बसा, क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि छातीपासून स्टिअरिंगपर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅग उघडते तेव्हा हे अंतर जीव वाचवतं. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, बऱ्याच गाड्यांत पाय पोचायला पुढे सरकलं की स्टिअरिंग पोटाला लागतं. स्टिअरिंग नुसतं वरखाली होतं की पुढेमागेपण होतं हे म्हणूनच विचारायचं. बेल्ट मानेवरून न जाता खांद्यावरून जातो का, बेल्टची वरची जागा खालीवर होते का. काचेच्या बाजूचा खांब किती जाड आहे, वळणावर त्याच्याआड अख्खी स्कूटर लपते, हे बसल्या बसल्या मान फिरवून कळतं.

एसी २४ वर, गाणी बंद. गाणी बंद करायला सांगायला लाजू नका. शोरूमची मुलं आवाज वाढवून स्पीकर दाखवतात आणि त्यात इंजिनचा, टायरचा, सस्पेन्शनचा आवाज बुडून जातो. स्पीकर नंतर उभ्या गाडीत ऐका.

आता रस्त्यावर

पहिलं, गर्दीतलं चालणं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी सरकते का, बंद पडायला बघते का. पुण्यात काय, ठाण्यात काय, निम्मं आयुष्य याच वेगाने जातं. टर्बो पेट्रोल असेल तर इथे नीट लक्ष द्या, छोट्या तीन सिलेंडरच्या टर्बो इंजिनांत खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, जोर कमी असतो आणि टर्बो जागा झाला की एकदम ओढ लागते, स्पीडब्रेकर ओलांडून दुसऱ्या गिअरवर परत वेग घेताना हे जाणवतं. ब्रेझासारख्या साध्या १.५ च्या चार सिलेंडर इंजिनाला तशी एकदम ओढ नाही, पण ते गर्दीत गुळगुळीत चालतं. कुठलं बरं हे तुमच्या रस्त्यावर ठरेल.

ऑटोमॅटिक असेल तर कुठल्या प्रकारचं ते ओळखून चालवा. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम मशिन करतं. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओतून तो लोकांपर्यंत आला, स्वस्त आहे, मायलेज चांगलं, पण गिअर बदलताना मान पुढे झुकते. गिअर पडायच्या वेळेला पाय थोडा हलका केला की झटका कमी होतो, तेव्हा दोन-तीनदा तसं करून बघा, जमतंय का तुम्हाला. मागच्या सीटवरच्या माणसाला विचारा, कारण झटका तिथे जास्त कळतो. टॉर्क कन्व्हर्टर गर्दीत सगळ्यात मऊ. सीव्हीटीत, म्हणजे होंडाच्या एलिव्हेट, अमेझमध्ये असतो तो, गिअर बदलल्याचं कळतच नाही, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर मजा आणतो, पण त्याला मुंगीच्या चालीने चढावर सरकवून बघा, तिथे थोडा अडखळतो का, कारण क्लच गरम होतो तो अशाच चालीत.

दुसरं, चढ. हे कोणीही चुकवू नका. सगळी माणसं गाडीत बसवून, एसी लावून चढावर जा, मध्येच थांबा (मागे कोणी नाही बघून), ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर न्या. गाडी मागे येते का, हिल होल्ड (चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय) किती सेकंद धरतं, उचलताना इंजिन किती ओरडतं. मुलगा म्हणेल सर इथे सपाट रूट ठरलाय, तर नम्रपणे सांगा की चढ नाही तर निर्णय नाही. तीन मेळ्यांत एकदाच मला नाही म्हणाले. सीएनजी घेणार असाल तर हाच चढ सीएनजीवर घ्या, पेट्रोलवर नाही, स्क्रीनवर कुठलं इंधन चालू आहे ते बघून. आणि डिकी उघडून ती मोठी बॅग ठेवा, एका मोठ्या सिलेंडरच्या गाडीत बॅग जातच नाही, टाटाने दोन छोटे सिलेंडर खाली बसवले त्यामुळे त्यात जागा बऱ्यापैकी उरते.

तिसरं, खराब रस्ता. एकदा १५-२० च्या वेगाने स्पीडब्रेकर, एकदा ४० च्या आसपास उखडलेला तुकडा. दोन्ही वेगळं सांगतात. काही गाड्या हळू असताना कडक लागतात पण वेगात स्थिर बसतात, काही हळू मऊ असतात आणि वेगात मागे झुलत राहतात, घाटात मुलं ओकतात ती अशा गाड्यांत. पाच जण बसलेले असताना मोठ्या स्पीडब्रेकरला खालून घासते का तेही बघा.

मग मोकळा तुकडा मिळाला तर तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ६० पर्यंत, ट्रक ओलांडताना हाच जोर लागतो. मागचा रस्ता रिकामा असताना ५० वरून जोरात पण सरळ ब्रेक, गाडी कुठल्या बाजूला ओढते का. एक यू-टर्न. आणि परत आल्यावर रिव्हर्स पार्किंग स्वतः करा, त्या मुलाला करू देऊ नका. कॅमेऱ्याकडे न बघता नुसत्या आरशांवर एकदा, मग कॅमेऱ्यावर. कॅमेरा पावसात चिखलाने भरतो तेव्हा आरसेच कामाला येतात.

अडास, म्हणजे गाडी स्वतःच इशारा देते, ब्रेक लावते, स्टिअरिंग सावरते ती यंत्रणा, असेल तर एक सूचना. पुढे काही ठेवून आपोआप ब्रेक लागतो का बघायचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नका. बघायचं ते एवढंच की आपल्या रस्त्यावर, जिथे दुचाकी दोन्ही बाजूंनी घुसतात, ते सारखं किंचाळतं का, स्टिअरिंग ओढतं का, आणि बंद करायला किती बटणं दाबावी लागतात.

इलेक्ट्रिक असेल तर थोडं वेगळं

पिकअप बघून हरखून जाऊ नका, तो सगळ्यांनाच आवडतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतःहून किती मंदावते, म्हणजे रिजन, ते सगळ्या लेव्हलवर फिरवून बघा, आणि कडक रिजनवर मागे बसलेल्या माणसाला मळमळतं का ते विचारा. रेंजचा हिशेब मेळ्यातच करता येतो. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीला चाचणीतली रेंज ४८९ किलोमीटर सांगतात, पण डेमो गाडीच्या स्क्रीनवर सरासरी किती किलोमीटर प्रति युनिट दिसते ते बघा. समजा ७ दिसली, तर ४५ गुणिले ७ म्हणजे ३१५. डेमो गाडी लोक तुफान पळवतात, त्यामुळे तुम्हाला यापेक्षा थोडी जास्तच मिळेल, पण सोलापूर किंवा रत्नागिरीचं नियोजन मी तरी ३१५ धरूनच करेन. सोसायटीत चार्जर लावायची परवानगी आधी, टेस्ट ड्राइव्ह नंतर.

एक फेरी मागच्या सीटवर

दोघं जण गाडी चालवणार असाल तर आपोआप होतं, एक चालवतो, दुसरा मागे. पण मागे मोबाईल बघत बसू नका. मांडीला आधार मिळतो का की गुडघे वर येतात, तिसऱ्या माणसाच्या पायाशी उंचवटा किती, मधल्याला डोक्याचा आधार आणि पूर्ण खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, एसीची हवा पोचते का. मुलाची सीट आयसोफिक्सच्या हुकांत प्रत्यक्ष बसवून बघा, काही गाड्यांत हुक गादीत इतके खोल असतात की घाम निघतो. उतरताना वयस्कर माणसाला धरायला काही आहे का.

सुरक्षिततेचे स्टार मात्र मेळ्यात विचारत बसू नका, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षितता तपासणारी आपल्याकडची चाचणी, चालू आहे, त्याचे निकाल घरी बसून बघता येतात. मोठ्यांचे स्टार आणि मुलांचे स्टार वेगळे दिलेले असतात, दोन्ही बघा.

गाडीतून उतरल्या उतरल्या

पुढच्या गाडीकडे जायच्या आधी दोन मिनिटं बाजूला जाऊन व्हॉइस नोट. आम्ही गाडीचं नाव घेऊन पाच गोष्टी बोलतो: गर्दीत कशी, चढावर कशी, खड्ड्यात कशी, मागे कसं, मला बाहेर नीट दिसतं का. मग सासूबाई एक वाक्य बोलतात, मुलं एक वाक्य. मार्क देत नाही, कारण साडेसात आणि आठ यांत काय फरक होता ते दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, पण "चढावर थांबलो तेव्हा मागे आली, भीती वाटली" हे वाक्य महिन्यानेही तेच सांगतं. सगळ्या झाल्यावर शक्य असेल तर पहिली गाडी परत एकदा थोडी चालवा, सुरुवातीला आपला हात बसलेला नसतो.

पैशाचं बोलणं

गाडी आवडली हे चेहऱ्यावर दिसलं की "ऑफर फक्त आजच" सुरू होतं. मेळ्यात टोकन देऊ नका, बस. मी ही चूक जवळच्या नात्यात बघितली आहे, पाच हजार रुपये परत मिळवायला दोन महिने फेऱ्या मारल्या, कारण परत मिळतील हे फक्त तोंडी सांगितलं होतं. द्यायचेच असतील तर रद्द केल्यास पूर्ण परत असं पावतीवर लिहून घ्या.

त्याऐवजी फोडून लिहिलेलं कोटेशन मागा: एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, वॉरंटी, आणि हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाखाली काही लावलंय का, लावलं असेल तर ते काढायला सांगा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो तो घ्यावाच लागतो, पण बाहेरून एक कोटेशन काढून आणलंत की आकडा खाली येताना दिसतो. १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलर आधीच घेऊन ठेवतो तो प्राप्तिकर, लागतो, तो रिटर्न भरताना मिळवून घ्यायचा असतो. आणि कोणाकडे जुनं कोटेशन असेल तर फेका, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय: चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल, १५०० सीसीपर्यंतची डिझेल असेल तर १८ टक्के, त्याच्यावरच्यांना ४० टक्के, सेस गेला. म्हणून ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत असली तरी १.५ पेट्रोल इंजिनामुळे ४० मध्ये जाते.

घरी आल्यावर

दोन दिवस काही करू नका. मग व्हॉइस नोट सगळ्यांनी एकत्र ऐका आणि दोन गाड्या ठेवा. या दोघींसाठी घरी टेस्ट ड्राइव्ह मागवा, बहुतेक डीलर पाठवतात, आणि संध्याकाळी उशिरा मागवा, म्हणजे अंधार पडल्यावर हेडलाइटचा उजेड किती लांब पडतो ते कळेल, मेळा दिवसा असतो त्यामुळे ही गोष्ट तिथे कधीच तपासली जात नाही. रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावरून न्या. सोसायटीच्या रॅम्पवरून खाली बेसमेंटला न्या, स्वतःच्या जागेत लावा आणि दोन्ही बाजूंना गाड्या असताना दार उघडून उतरता येतं का बघा. आमच्या दोन गाड्यांपैकी एक इथेच बाद झाली, सगळ्यात आवडलेली होती, पण पिलरमुळे मागचं दार अर्धंच उघडत होतं आणि सासूबाईंना रोज बाहेर उतरवून मग गाडी लावावी लागली असती.

गाडी ठरली की बाकीच्या तीन-चार ठिकाणी त्याच दिवशी मेसेज करा, आम्ही दुसरी घेतली, तुमची घेणार नाही, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. ही मुलं दिवसभर उन्हात उभी असतात, महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं, आणि आपण फोन न उचलता त्यांना दोन-दोन महिने झुलवत ठेवतो. ज्या मुलाने मला तीनदा चढावर नेलं होतं त्याची गाडी आम्ही घेतली नाही, त्याला मी फोन करून सांगितलं, आणि आता माझ्या बहिणीला गाडी बघायचीय तर तिला त्याचाच नंबर दिलाय.